थंडी ओसरते तेव्हा

पारा चढू लागला, की शहरातील माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. निफाडच्या द्राक्षबागायतदाराची झोप मात्र नेमकी त्याच रात्री उडते.

निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदले जाणारे किमान तापमान हिवाळ्यात अनेकदा ५ अंशांच्या आसपास उतरते. ही थंडी गव्हाला मानवते. द्राक्षाला मात्र सोसत नाही. मण्यांची फुगवण थांबते, त्यांना तडे जातात. म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. परंतु हा शत्रू निदान ओळखीचा आहे. त्याहून मोठे संकट येते ते थंडी हटताना. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ सक्रिय होतो, वाऱ्यांची दिशा पालटते, समुद्रावरील बाष्प आत शिरते आणि ढगांच्या पांघरुणाखाली रात्री उबदार होतात. या दमट हवेत केवडा व भुरी बळावतात. त्यातच वादळी पाऊस वा गारपीट झाली, तर वर्षभराचे भांडवल काही मिनिटांत मातीमोल होते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस व मार्चमध्ये महाराष्ट्राने हे अनुभवले आहे.

येथे हवामानशास्त्राचा प्रश्न संपून अर्थशास्त्राचा सुरू होतो. २०१५ साली केंद्र सरकारने मदतीसाठी नुकसानीची किमान मर्यादा ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली, हे योग्यच झाले. तथापि द्राक्षाचे नुकसान केवळ वजनाचे नसते, ते प्रतीचे असते. तडा गेलेल्या मण्यांचा घड वजनात फारसा घटत नाही. पण निर्यातीच्या पेटीत त्याला जागा नसते. रोग येऊ नये म्हणून केलेल्या जादा फवारण्यांचा खर्च तर पंचनाम्यात दिसतच नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्यातही पाऊस आणि तापमान मोजले जाते ते मंडळाच्या हवामान केंद्रावर, बागेत नव्हे.

तेव्हा केंद्रांचे जाळे दाट करणे, प्रतीतील घट हेही नुकसान मानणे आणि बागेवरील प्लास्टिक आच्छादनासाठी स्वस्त कर्ज देणे, ही दया नव्हे, गुंतवणूक होय. द्राक्षाच्या निर्यातीतून येणारे परकीय चलन साऱ्या देशाचे. मग लहरी आभाळाची जोखीम तेवढी एकट्या बागायतदाराची, हा हिशेब कोणत्या न्यायात बसतो? थंडी सरली म्हणून स्वेटर ट्रंकेत ठेवताना आपण एवढा विचार अवश्य करावा.