अद्भुताची वाट गावाच्या वेशीतून : मराठी किशोरकथेतील कल्पना आणि साहस (लेखांक सहावा)

प्रस्तुत लेखमालेच्या मागील लेखांकात एकोणिसाव्या शतकातील बोधपर बालवाङ्मयाचा विचार करण्यात आला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीच्या भाषांतरांपासून विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 मध्ये सुरू केलेल्या ‘बालबोध’ मासिकापर्यंत मुलांसाठी लिहिणाऱ्यांचे मुख्य उद्दिष्ट शील घडविणे हे होते, आणि कथेने ते साधले की तिचे काम संपले असे मानले जाई. या लेखांकाचा विषय त्याहून वेगळ्या प्रेरणेतून जन्मलेली कथा हा आहे. ही कथा मुलाला उपदेश करण्याआधी त्याला थक्क करते, घराबाहेर काढते, आणि संकटापुढे उभे करून त्याचे काय होते ते पाहायला लावते.

या वर्गात दोन प्रकार सहसा एकत्र नांदतात. निसर्गनियमांपलीकडची एखादी वस्तू, शक्ती किंवा सृष्टी जिच्या केंद्रस्थानी असते ती अद्भुतरम्य कथा. आणि घटना शक्यतेच्या चौकटीत राहूनही नायकाला सुरक्षित जगातून धोक्याच्या जगात नेऊन त्याच्या बुद्धीची व धैर्याची परीक्षा पाहते ती साहसकथा. भारतीय काव्यशास्त्राने या दोहोंची नाळ फार पूर्वी ओळखली होती. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी टिकून असणारी भावना, विस्मय हा सांगितला आहे, तर वीर रसाचा स्थायिभाव उत्साह हा आहे. शिवाय अद्भुताची उत्पत्ती वीरातूनच होते असेही तेथे मानले आहे. ज्या मुलाच्या ठिकाणी उत्साह जागा झाला त्यालाच पुढे विस्मय भेटतो, आणि हे सूत्र किशोरवयीन वाचकाच्या बाबतीत तंतोतंत लागू पडते.

दोन प्रवेशद्वारे

इंग्लंडमधील भाषाशास्त्रज्ञ व कादंबरीकार जे. आर. आर. टॉल्किन यांनी 1939 मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात ‘दुय्यम विश्व’ ही संकल्पना मांडली. लेखकाने निर्माण केलेल्या, स्वतःचे नियम असलेल्या आणि ते नियम कोठेही न मोडणाऱ्या सृष्टीला त्यांनी हे नाव दिले. अशा सृष्टीत वाचकाला नेण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात कथा आरंभापासूनच परक्या भूमीवर घडते. दुसऱ्या मार्गात ती वाचकाच्या ओळखीच्या गल्लीत, शाळेत किंवा शिवारात सुरू होते आणि तेथेच एखादी फट उघडून त्याला पलीकडे घेऊन जाते. मराठीत पहिल्या मार्गाची परंपरा अधिक जुनी असली, तरी मराठी मुलांच्या मनात खोलवर रुजलेल्या कथा दुसऱ्या मार्गाच्या आहेत, हे या लेखांकाचे प्रतिपादन आहे.

पहिल्या मार्गाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1814 मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’ मराठीत छापली गेली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले आणि पुढे विष्णुशास्त्र्यांचाही हात लागलेले ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हे भाषांतर घरोघर वाचले गेले. 1861 च्या ‘मुक्तामाला’पासून कादंबरीनेही हेच वळण घेतले आणि नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने 1913 मध्ये ते लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. 1952 पासून मराठीत येऊ लागलेल्या ‘चांदोबा’ने विक्रम आणि वेताळाची जोडी पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाची केली. या सर्व कथांत एक आटपाट नगर असते, एक राजपुत्र असतो, आणि ते नगर कोणत्या नदीकाठी वसले आहे असा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्यांचे सामर्थ्य मोठे आहे. परंतु वाचणारा मुलगा त्या नगराचा पाहुणाच राहतो.

टेंबलाईचा रुसवा

दुसऱ्या मार्गाचे बीज मात्र छापील पुस्तकांत नव्हे, तर स्थानिक दैवतकथांत सापडते, आणि त्याचे उत्तम उदाहरण कोल्हापूरच्या पूर्वेस, उचगाव आणि गडमुडशिंगी या गावांच्या अंगाला असलेल्या त्र्यंबोलीच्या म्हणजेच टेंबलाईच्या टेकडीवर आहे. करवीरच्या परंपरेतील कथा अशी की, कोल्हासुराच्या वधानंतर त्याचा मुलगा कामाक्ष याने एका योगदंडाच्या बळावर महालक्ष्मीसह सर्व देवांचे शेळ्यामेंढ्यांत रूपांतर केले. त्र्यंबोलीने युक्तीने तो दंड हस्तगत केला, देवांना मूळ रूप मिळवून दिले आणि कामाक्षाचा नाश केला. परंतु विजयाच्या उत्सवात तिला बोलावण्याचेच राहून गेले. ती रुसली आणि शहराकडे पाठ फिरवून टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढण्यासाठी महालक्ष्मीची म्हणजेच अंबाबाईची पालखी आजही नवरात्रातील ललिता पंचमीला टेकडीवर जाते, आणि तेथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडण्याचा विधी होतो.

भक्तिभावाला किंचितही बाधा न आणता या कथेकडे केवळ रचना म्हणून पाहिले, तर अद्भुतरम्य कथेची बहुतेक सर्व अंगे तिच्यात आढळतात. योगदंड ही जादूची वस्तू आहे आणि ती ज्याच्या हाती असेल त्याची सत्ता चालते हा नियम आहे. रूपांतर आहे, पराभवाच्या टोकावरून झालेली सुटका आहे. त्याखेरीज या कथेत एक अशी गोष्ट आहे जी अनेक प्रसिद्ध परीकथांत नसते: विजय मिळाल्यावर ज्याने तो मिळवून दिला त्याचा विसर पडणे, आणि त्या विसराची भरपाई दरवर्षी करीत राहणे. आनंदाच्या सोहळ्यात बाजूला राहिलेल्या मुलाला हा रुसवा समजावून सांगावा लागत नाही. शिवाय कथेची नायिका स्त्री आहे आणि विधीचा मान लहान मुलीचा आहे. मराठी साहसकथेने पुढे बराच काळ साहसाचे माप मुलग्यांच्याच पदरात टाकले, त्या पार्श्वभूमीवर ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

फुरसुंगीचा मुलगा

मुद्रित मराठी साहसकथेला ओळखीच्या भूमीवर आणण्याचे सर्वांत मोठे श्रेय भास्कर रामचंद्र भागवत (1910–2001) यांना जाते. ‘बालमित्र’ मासिकाचे संपादक असलेल्या भागवतांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबऱ्या ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा शीर्षकांनी मराठी मुलांपर्यंत पोहोचविल्या. व्हर्नकडून मराठी वाचक त्याआधीही चंद्रावर जाऊन आला होता, कारण विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘केरळ कोकिळ’ मासिकात ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः प्रसिद्ध झाली होती; परंतु भागवतांनी या प्रवासांना मुलांच्या बोलण्यातली गती दिली, आणि भाषांतराच्या या तालमीतून त्यांची स्वतंत्र साहसकथा कसदार झाली.

त्यांचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, हा कोणत्याही आटपाट नगरातला नाही. तो पुण्याच्या वेशीवरील फुरसुंगी या गावचा, शिक्षणासाठी पुण्यातील विद्याभवन शाळेत आलेला, अंगाने लुकडा आणि सायकलवर स्वार झाला की कोणाला न आवरणारा मुलगा आहे. त्याच्याजवळ मंत्र नाही, दंड नाही, अंगठी नाही. जिभेने ‘ट्टॉक’ असा आवाज काढण्याची सवय, सुभाष देसाईसारखा मित्र, मालीसारखी बहीण आणि जे दिसले त्याचा छडा लावल्यावाचून स्वस्थ न बसणारा स्वभाव एवढेच त्याचे भांडवल आहे. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’ ही शीर्षके ओळीने वाचली तरी या मुलाचा प्रवास फुरसुंगीपासून किती दूरवर जातो ते कळते. ही मालिका 1987 मध्ये दूरदर्शनवर आणि 2017 मध्ये मोठ्या पडद्यावर आली, यावरून तिचे टिकून राहणे दिसते.

भागवतांनी नायकाला पुण्याच्या पेठेतला न करता फुरसुंगीचा केला, या निवडीचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. शहराच्या वेशीवरील गावातल्या मुलाला दोन्ही जगे ठाऊक असतात; तो विहिरीत सूर मारू शकतो आणि शहरातील बसच्या मार्गांचाही त्याला अंदाज असतो. शहरात तो थोडा उपरा असल्यामुळे इतरांना सवयीने न दिसणाऱ्या गोष्टी त्याला दिसतात, आणि साहसकथेचा आरंभ बहुधा अशाच एखाद्या खटकलेल्या गोष्टीपासून होतो.

कोल्हापुरात जन्मलेला विज्ञानकथाकार

भागवतांच्या कथेत साहस प्रधान आणि अद्भुत गौण आहे; अद्भुताला ओळखीच्या भूमीवर उतरविण्याचे काम विज्ञानकथेने केले. विज्ञानकथेत नवल घडते ते देवाच्या वराने किंवा मंत्राने नव्हे, तर एखाद्या वैज्ञानिक शक्यतेचा धागा तर्काने पुढे ताणल्यामुळे. या प्रकाराचे मराठीतील अग्रणी डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात झाला. बनारस आणि केंब्रिज येथे शिकून खगोलशास्त्रज्ञ म्हणून जगन्मान्य झाल्यानंतर त्यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली आणि ती बक्षीसपात्र ठरली. टोपणनावाची आद्याक्षरे त्यांच्या स्वतःच्या आद्याक्षरांच्या उलट क्रमाने होती, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांनी लिहून दिली होती. कथेची पारख लेखकाच्या कीर्तीवरून होऊ नये, ही सचोटी त्यामागे होती.

त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेची रचना तरुण वाचकाने बारकाईने पाहावी अशी आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, जेथे 1761 चे पानिपतचे युद्ध मराठ्यांनी जिंकलेले आहे. लेखक त्यांना एखाद्या मायानगरीत नेत नाही. ते पुण्याहून मुंबईला रेल्वेने जातात, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून इतिहासाचे खंड चाळतात आणि आझाद मैदानावरील एका सभेत शिरतात. सर्व काही ओळखीचे, पण जरासे निराळे. आणि हा निराळेपणा कोठून सुरू झाला त्याचा माग काढीत गेल्यावर उत्तर मिळते ते एका बंदुकीच्या गोळीपाशी. वाचकाला ठाऊक असलेल्या इतिहासात ती विश्वासरावांना लागते. त्या दुसऱ्या जगात ती त्यांना चाटून जाते. खिशात राहिलेले बखरीचे एक फाटके पान हा त्या प्रवासाचा एकमेव पुरावा ठरतो. शाळेत सनावळ्या पाठ केलेल्या मुलाला इतिहासातील घटना वेगळीही घडू शकली असती हे येथे प्रथमच उमगते, आणि कारण व परिणाम यांचा विचार करण्याची गोडी त्याला लागते.

अद्भुत कथांनी मुले अंधश्रद्ध होतील अशी भीती पालक अनेकदा व्यक्त करतात. या भीतीचे निरसन वरील उदाहरणांतूनच होते. उत्तम अद्भुत कथा स्वतःचे नियम काटेकोरपणे पाळते आणि वाचकाकडून त्या नियमांनुसार विचार करण्याची अपेक्षा ठेवते. अंधश्रद्धा मात्र प्रश्न विचारण्यासच मनाई करते. वेताळाच्या प्रत्येक कथेच्या शेवटी प्रश्न असतो आणि राजाला विचार करून उत्तर द्यावे लागते, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

गडमुडशिंगीच्या परिघात

या विवेचनाचा व्यावहारिक अर्थ करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावाच्या संदर्भात पाहिल्यास स्पष्ट होतो. पुण्याला जसे फुरसुंगी, तसे कोल्हापूरला हे गाव वेशीवरचे. शिवाराला लागून उजळाईवाडीचा विमानतळ आहे; राजाराम महाराजांच्या काळात 1939 मध्ये सुरू झालेल्या या विमानतळाच्या विस्तारासाठी गडमुडशिंगीचीही जमीन घेण्यात आली. पश्चिमेला टेंबलाईची टेकडी आहे. शहर ओलांडून गेल्यावर पन्हाळा येतो, जेथे तटाला भिडलेल्या तीन मजली अंधारबावीत खाली पाणी आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडण्याची गुप्त वाट सांगितली जाते, आणि जेथून जुलै 1660 मधील त्या रात्री शिवाजी महाराज वेढा भेदून विशाळगडाकडे निघाले. ज्या गावच्या मुलाला डोक्यावरून उतरणारे विमान, रुसलेली देवी आणि वेढ्यातून निसटण्याची वाट ही तिन्ही एका दिवसात पाहता येतात, त्या गावात अद्भुत व साहसकथेसाठी बाहेरून काहीही आणण्याची गरज नाही. गरज आहे ती लिहिणाऱ्याची, आणि लिहिलेले मुलाच्या हाती पोहोचविणाऱ्या ग्रंथालयाची.

ग्रंथालयाच्या बाबतीत तर हा प्रदेश कोणापुढे हात पसरावा असा नाही. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना 1850 मधील आहे, आणि सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा भारतात सर्वप्रथम केला तो 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानानेच. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक आज विनामूल्य वाचता येतात. गावातील वाचनालयाने त्यातील साहसकथा निवडून, फास्टर फेणेच्या आणि नारळीकरांच्या पुस्तकांच्या शेजारी मुलांना सहज हात पोहोचेल अशा फळीवर ठेवल्या, आणि शाळेने टेंबलाईची कथा मुलांकडून त्यांच्या शब्दांत लिहून घेतली, तर पुढील पिढीतील कथेच्या नायिकेचे गाव गडमुडशिंगी असणे मुळीच अशक्य नाही. मुलांना दूरच्या जादूनगरींत रमू द्यावेच. परंतु आपल्या गावातही नवल घडू शकते हा विश्वास देणारी कथा त्यांना मिळणे हा त्यांचा हक्क आहे, आणि तो पुरा करणे हे मराठीत लिहिणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

पुढील लेखांकात या कथांना रूप देणाऱ्या चित्रांचा, विशेषतः ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’ यांतील चित्रपरंपरेचा विचार केला जाईल.