हंगामी मजुरीतून आलेले शहाणपण



हंगामासाठी घर सोडणे म्हणजे काय, हे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना वेगळे सांगायला नको. असेच, पण समुद्र ओलांडून कामाला जाणारे शेतकरीही जगात आहेत. त्यांची हकीकत आपण ऐकण्यासारखी आहे.

पॅसिफिक महासागरात वानुआतू, टोंगा, सामोआ असे बेटांचे छोटे देश आहेत. कंद, अळकुड्या, नारळ ही तिथली पिके. न्यूझीलंड सरकारने २००७ साली एक योजना सुरू केली. तिच्याखाली या बेटांवरचे लोक एका खेपेला सात महिन्यांपर्यंत तिथल्या फळबागांत व मळ्यांत राबतात आणि गावी परततात. मजुराकडून भरतीचे पैसे घेण्यास मालकाला मनाई आहे.

काम मात्र कसोटी पाहणारे. हॉक्स बे भागात सफरचंदाची तोडणी चालते. पुढे पिशवी अडकवायची, शिडीवर चढायचे आणि फळ देठासकट अलगद काढायचे. बोटाचा दाब पडला तरी फळाला डाग पडतो. मार्लबरो भागात ऐन थंडीत, जून ते ऑगस्टमध्ये, द्राक्षवेलींची छाटणी होते. कोणती काडी ठेवायची आणि कोणती काढायची, हे दर वेलीपाशी ठरवावे लागते. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागाइतदारांना यातली मेख लगेच कळेल.

पहिले काही आठवडे अंग ठणकते, घर आठवते. पुढे हात बसतो. वेळ पाळणे, मापाने काम करणे, अनोळखी माणसांत निभावून नेणे हे अंगवळणी पडते. संध्याकाळी या मजुरांसाठी इंग्रजी, हिशेब व आरोग्याचे वर्गही चालतात. चांगले काम करणाऱ्याला पुढच्या हंगामात पुन्हा बोलावणे येते. त्यातले काही जण पुढे नव्यांचे मुकादम होतात.

पैशाचा फायदाही खरा आहे. टोंगा व वानुआतूतील अभ्यासात, जाणाऱ्या कुटुंबांचे दरडोई उत्पन्न ३० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे आढळले. घर, मुलांची फी यासाठी तो पैसा उपयोगी पडला.

पण दुसरी बाजू झाकून चालणार नाही. न्यूझीलंडच्याच मानवी हक्क आयोगाने २०२२ साली काही ठिकाणची दाटीवाटीची राहणी आणि मजुरीतील कपात यांवर बोट ठेवले. शिवाय मागे राहिलेल्या घरधनिणीवर शेत, मुले, म्हातारी माणसे असा सगळा भार येतो. व्यवहाराचे निर्णय तिलाच घ्यावे लागतात. धनी परदेशी शिकतो, तशी तीही घरी शिकते. परतल्यावर तिच्या शब्दाला मान द्यावा.

एक सावधगिरीची सूचना. ही योजना मुख्यतः पॅसिफिक बेटांसाठी आहे. "न्यूझीलंडच्या बागेत लावून देतो" म्हणून कोणी आगाऊ रक्कम मागू लागला, तर दागिने मोडू नका, जमीन गहाण टाकू नका. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. ती नोंदणी आणि लेखी करार पाहावा, जाणत्याकडून वाचून घ्यावा.

आणि कोणत्याही हंगामाला, जवळच्या वा दूरच्या, निघण्यापूर्वी नवरा-बायकोने बसून दोन गोष्टी वहीत लिहाव्यात: येणारा पैसा कशाला लावायचा आणि तिथून कोणते काम शिकून यायचे. परतल्यावर ती वही पुन्हा उघडावी.