ग्वार्दिए ए लाद्री

(पोलीस आणि चोर). स्तेनो व मारिओ मोनिचेल्ली यांनी दिग्दर्शित केलेला इटालियन विनोदी चित्रपट (१९५१). रोममध्ये अमेरिकन प्रवाशास बनावट प्राचीन नाणे विकणारा एस्पोसितो (तोतो) हा भुरटा ठक जमादार बोत्तोनी (आल्दो फाब्रित्सी) याच्या हातून निसटतो. मुदतीत त्यास न पकडल्यास बोत्तोनीची नोकरी जाणार असते. ओळख लपवून तो ठकाच्या कुटुंबाशी संधान बांधतो. परंतु तेथील ओढाताण आपल्या घरच्यासारखीच आढळल्याने त्याचे मन कचरते. अखेरीस चोरच पोलिसाला तुरुंगाकडे ओढत नेतो. स्थूल बोत्तोनीला धाप लावणारा प्रदीर्घ पाठलाग गाजला. तथापि युद्धोत्तर टंचाईचे सहानुभूतिपूर्ण चित्रण त्याहून मोलाचे आहे. कान महोत्सवात (१९५२) या चित्रपटास पटकथेचे पारितोषिक मिळाले.