रायगडच्या किनाऱ्यावरील घरें आणि कारागिराचा हात

मुंबई बंदराच्या पलीकडे, मांडव्यापासून दक्षिणेस अलिबाग, चौल, काशीद असा जो किनारा पसरला आहे, तेथें घर बांधावयाचें म्हणजे प्रथम पावसाचा विचार करावयाचा. वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथें पडतो; तोहि बहुतेक चार महिन्यांत. पुढें आठ महिने पाणी जपून वापरावें लागतें. हीं दोन्ही टोकें सांभाळण्यासाठींच येथील नारळी-पोफळींच्या वाड्यांत विहीर, पाट, उतरतें कौलारू छप्पर आणि ऐसपैस पडवी यांची योजना झाली. ती आजच्या स्थापत्यास कितपत उपयोगी पडूं शकते, या प्रश्नाचें एक प्रत्यक्ष उत्तर याच किनाऱ्यावर उभें आहे. तें म्हणजे स्थपति बिजॉय जैन व त्यांची ‘स्टुडिओ मुंबई’ ही संस्था यांचें काम.

जैन यांचा जन्म १९६५ सालीं मुंबईंत झाला. अमेरिकेंतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत त्यांनीं उच्च शिक्षण घेतलें, आणि लॉस एंजेलिस व लंडन येथें कांहीं वर्षें काम करून १९९५ सालीं ते स्वदेशीं परतले. अलिबागच्या परिसरांत त्यांनीं जी कार्यशाळा उभारली, तींत सुतार, गवंडी व स्थपति एकत्र काम करीत. सामान्यतः स्थपतीनें कागदावर आराखडा काढावा आणि कारागिरानें तो मुकाट्यानें अमलांत आणावा, अशी रीत असते. येथें मात्र सांधा कसा बसेल, लांकूड किती वांकेल, हें सुतारास आधीं विचारलें जाई. पुष्कळदां घराचा एखादा भाग पूर्ण आकाराचा करून पाहिला जाई, आणि मगच आराखडा कायम होई.

या पद्धतीचें फळ नांदगांव येथील ‘पाल्मिरा हाउस’ या २००७ सालीं पुऱ्या झालेल्या घरांत दिसतें. पाल्मिरा म्हणजे आपला ताड. माडांच्या दाट बागेंत लांकडाच्या दोन लांबट इमारती समोरासमोर उभ्या आहेत. त्यांच्या बाजूंना ताडाच्या खोडापासून काढलेल्या पट्ट्यांची झडप आहे. तींतून वारा आंत येतो, पण उन्हाची तिरीप अडते. जोतीं व फरसबंदी स्थानिक काळ्या दगडाची आहे. पाणी जागेवरील तीन विहिरींतून घेऊन उंच टाकींत चढवितात आणि तेथून तें आपल्याच ओघानें घरांत उतरतें. बागेस दगडी पाटांनीं पाणी मिळतें. यांत नवलाची वस्तु एकही नाहीं. नवल आहे तें या वस्तूंच्या नेमक्या मेळांत. २०१० च्या आगाखान स्थापत्य पुरस्कारासाठीं निवडलेल्या अंतिम यादींत या घराचा समावेश होता.

काशीद येथील ‘तारा हाउस’मध्यें खोल्या एका अंगणाभोंवतीं मांडल्या आहेत, आणि त्या अंगणाखालीं भूगर्भांतून पाझरणारें पाणी सांठविणारी एक दालनवजा विहीर आहे. ऋतूप्रमाणें तिची पातळी चढते-उतरते. जमिनीखालचें पाणी किती उरलें आहे, हें घरांतील माणसास रोज दिसावें, याहून चांगला धडा कोणता?

या कामाची दखल परदेशांतहि घेतली गेली. २०१० सालीं व्हेनिसच्या स्थापत्य-प्रदर्शनांत कार्यशाळेंतील नमुने व प्रतिकृति मांडण्यांत आल्या आणि त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्याच वर्षीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत या संस्थेनें मुंबईंतील दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या पट्टींत वसलेल्या लहानशा घरावरून एक रचना उभी केली. २०२० सालीं जैन यांना फिनलंडचें आल्व्हार आल्टो पदक लाभलें.

तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. हीं घरें बहुतांशीं शहरांतील धनिकांचीं विश्रांतिस्थानें आहेत. ज्या गांवांत तीं उभीं आहेत, तेथील रहिवासी मात्र कौलें उतरवून सिमेंटची स्लॅब घालीत आहेत, आणि त्यांना दोष देतां येत नाहीं. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां कित्येक घरांचीं छपरें उडालीं आणि पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या वाड्या एका दिवसांत आडव्या झाल्या. ज्यानें तो दिवस पाहिला, तो भक्कम छताची आस धरणारच.

म्हणून या कामापासून शिकावयाचें तें लांकडाचें अनुकरण नव्हे. जोतें पुराच्या वर असावें, समोरासमोरच्या भिंतींत वाऱ्यास वाट असावी, विहीर बुजवूं नये, भिंतीवर ऊन येण्याआधीं सावली यावी, हे नियम स्लॅबच्या घरासहि लागू पडतात, आणि त्यांस धनिकाची थैली लागत नाहीं. लागतो तो जाणता सुतार आणि जाणता गवंडी. त्यांच्या शब्दास किंमत राहिली, तरच त्यांचीं मुलें करवत व थापी हातीं घेतील. नाहींतर पावसाची ही सारी जाण कांहीं मोजक्या बंगल्यांच्या कुंपणाआड शिल्लक राहील आणि गांवाला पारखी होईल.