मोटारीचे आसन आणि ज्येष्ठांचे गुडघे

सत्तरीच्या आसपासचे अनेक रुग्ण गुडघ्याची किंवा कमरेची तक्रार सांगता सांगता म्हणून जातात, ‘डॉक्टर, आता गाडी चालवणे बंदच करावे म्हणतो.’ अशा वेळी औषध लिहिण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. ही गाडी घरात आणखी कोण चालवते? आणि तुम्ही बसताना सीट सरकवून घेता का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘मुलगा’ असे येते आणि दुसऱ्याचे ‘नाही’. पावणेसहा फुटी मुलाने मागे सारलेल्या सीटवर सव्वापाच फुटी वडील बसतात, क्लच गाठण्यासाठी प्रत्येक वेळी पुढे घसरतात आणि तासाभराने ठणकणाऱ्या कमरेचा दोष वयाला देतात.

वयाचा वाटा नसतो असे नाही. मणक्यांमधील चकत्या झिजतात, हाडे ठिसूळ झाली असतील तर मणके दबतात, थोडे पोक येते आणि उंची काही सेंटिमीटरने घटते. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी अचूक लावलेले आसन आज त्याच माणसाला चुकीचे ठरू शकते. इंग्लंडमध्ये सुटे भाग आणून घरीच मोटार जोडणारे हौशी लोक आहेत. ते आसन आणि पेडल स्वतःच्या पायांच्या मापाने बसवून घेऊ शकतात. आपल्या नेहमीच्या गाड्यांत पेडलची जागा बहुधा ठरलेली असते. जुळवून घ्यायचे ते आसनाने.

गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद ठेवावे, हँडब्रेक ओढावा. पायांत नेहमीचीच पादत्राणे असावीत. मागे पट्टा नसलेली चप्पल मात्र गाडी चालवताना नकोच. खिशातले पैशांचे पाकीट काढून ठेवावे, कारण त्यावर बसल्याने कंबर एका बाजूला कलते. आता पाठ पूर्ण टेकवून क्लच तळापर्यंत दाबावा. त्या स्थितीतही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. तो ताठ झाला तर सीट फार मागे आहे. उलट फारच वाकलेला असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. स्वयंचलित गिअरच्या गाडीत हीच परीक्षा उजव्या पायाने ब्रेक दाबून घ्यावी. उजवी टाच ब्रेकच्या रेषेत जमिनीवर टेकलेली असावी आणि अ‍ॅक्सिलरेटरकडे फक्त चवडा वळावा. प्रत्येक वेळी अख्खा पाय उचलावा लागणे थकवणारे आहे आणि घाईत पाय चुकीच्या पेडलवर पडण्याची भीती वाढते. सीटची पुढची कडा व पोटरी यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहू द्यावे.

मग पाठीचा भाग. खांदे टेकलेले असताना हात लांब केल्यास मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. छातीचे मधले हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवे, कारण एअरबॅग फार वेगाने फुगते. ठेंगण्या भगिनींची येथे पंचाईत होते: पायांसाठी पुढे यावे तर छाती स्टिअरिंगला टेकते. त्यांनी पाठ थोडी मागे कलवावी आणि सीट उंच करता येत असेल तर करावी. नजर स्टिअरिंगच्या वर निदान चार बोटे असावी. उंचीची सोय नसल्यास घट्ट, न घसरणारी बैठक घ्यावी; घरातली मऊ उशी नको, कारण ब्रेक दाबताना ती सरकते. उंची बदलली की पायांची परीक्षा पुन्हा घ्यावी. पेडलवर लाकडी ठोकळे बांधण्याचे घरगुती प्रयोग मला अजिबात मान्य नाहीत. हेडरेस्टचा वरचा भाग डोक्याच्या माथ्याशी आणावा. आरसे सर्वांत शेवटी.

गाडीत शिरताना आधी पाठमोरे बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. खुब्याचे वा गुडघ्याचे सांधे बदललेल्यांनी शल्यचिकित्सकाची परवानगी मिळेपर्यंत चालकाच्या जागी बसू नये.

एवढे केल्यावर पुष्कळांचे दुखणे कमी होते. पण पायाची गेलेली संवेदना आसनाने परत येत नाही, आणि मला खरी काळजी तिचीच वाटते. जुना मधुमेह असलेल्या व्यक्तीला चप्पल पायातून निसटल्याचे कळत नसेल, तर पाय ब्रेकवर आहे की अ‍ॅक्सिलरेटरवर हे तिला कसे कळणार? घरच्यांना एक सोपी चाचणी करता येते. डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना बोटाने हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करावा, दाबू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर किल्ली बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. तो कागद घेऊन ‘फक्त सही हवी’ म्हणणाऱ्यांना मी आधी मोजे काढायला सांगतो.