पडून राहू नका, काकू!

पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सिस्टर पलंगाशी येऊन म्हणतात, ‘‘चला काकू, उठायचंय,’’ तेव्हा काकूंच्या आधी नातेवाईक हबकतात. गर्भाशयाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया, टाके ओले, आणि चालायचं?

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात आतड्याच्या शस्त्रक्रियांपासून रुग्णाला लवकर उठवायच्या, लवकर खायला द्यायच्या विचाराची सुरुवात केली. उपास, वेदना आणि अंथरुणाला खिळणं यांनीच रुग्णाची उभारी लांबते, हे त्यांनी दाखवलं. स्त्रियांच्या कॅन्सर शस्त्रक्रियांसाठी तशा स्वतंत्र मार्गदर्शक सूचना २०१६मध्ये आल्या. त्यानुसार भुलीच्या दोन तास आधीपर्यंत पाणी चालतं आणि शस्त्रक्रियेनंतर बहुतेकींना २४ तासांच्या आत खायला देतात. वारा सरेपर्यंत उपाशी ठेवायचं कारण नाही.

कागदावरचं हे सगळं उतरतं नर्सच्या हातून. थेट उठवून बसवलं तर टाक्यांवर ताण येतो. म्हणून आधी कुशीवर वळवायचं, गुडघे दुमडायचे, पाय खाली सोडत कोपराच्या जोरावर बसतं करायचं. घेरी येत नाही ना, हे पाहून मगच उभं करायचं. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरायला शिकवायचं. वेदनेची गोळी चालण्याआधी अर्धा-पाऊण तास दिली, तर काकू कुरकुर न करता चार पावलं टाकतात. खच्चून भरलेल्या वॉर्डात एकट्या सिस्टरनं एवढा वेळ काढायचा कुठून, हा प्रश्न मात्र कुठल्याच प्रोटोकॉलनं सोडवलेला नाही.

लवकर उठवायच्या या घाईमागे रक्ताच्या गुठळीची भीती असते. कॅन्सरमध्ये रक्त गोठण्याकडे कल असतो, त्यात पडून राहणं. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हेपॅरिनची इंजेक्शनं २८ दिवसांपर्यंत चालू ठेवतात. म्हणजे घरी सुनेला किंवा नवऱ्याला ती टोचायला शिकवणं आलं.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर मूत्राशयाच्या नसा दुखावलेल्या असू शकतात. एरवी लवकर काढली जाणारी लघवीची नळी इथे जास्त दिवस ठेवावी लागते. नळी काढल्यावर ‘झाली लघवी’ एवढ्यावर अनुभवी सिस्टर विश्वास ठेवत नाही. आत किती उरली, ते मोजते. थोडी थोडी होत राहते आणि मूत्राशय भरलेलंच असतं, असं बऱ्याचदा घडतं.

अंडाशयं काढलेल्या चाळिशीतल्या बाईला अचानक येणाऱ्या गरम वाफा, योनीचा कोरडेपणा, नवऱ्याशी संबंध कधी ठेवायचे, हे राउंडच्या गर्दीत विचारवत नाही. हा विषय सिस्टरनंच, पडदा ओढून, आपणहून काढायचा असतो. आणि डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहून द्यायचं: एकाच पायाला सूज, अचानक धाप, ताप किंवा जास्त रक्तस्राव झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी या.