खोक्यातले लाकूड

पॅलेट म्हणजे माल ठेवून उचलण्यासाठी केलेला लाकडी पाट. वर फळ्यांची ओळ, खाली नऊ ठोकळे किंवा तीन जाड रनर, आणि मधल्या पोकळीत फोर्कलिफ्टचे दोन दात शिरतील एवढी जागा. चिंचवड, भोसरी, चिखली, मोशी आणि चाकण या पट्ट्यात असे पाट आणि त्यांवर बांधून येणाऱ्या लाकडी पेट्या कारखान्यांतून रिकाम्या होऊन बाहेर पडतात. त्यांच्या फळ्यांपासून सोफे, दिवाण, चहाची टेबले, भिंतीवरची फडताळे आणि बाल्कनीतल्या कुंड्यांचे स्टँड होतात. बाजारात या सगळ्याला ‘पाइनवूड फर्निचर’ म्हणतात. नाव अर्धेच खरे आहे, कारण त्यात पाइनबरोबर स्प्रूस असते, फर असते, कधी रबरवूड आणि कधी ओळख न लागणारे जंगली लाकूडही असते. आधीच्या पिढीने अशाच हलक्या, फिकट, गाठींच्या लाकडाला ‘देवदार’ म्हटले आणि अशा पेट्यांना ‘देवदारी खोकी’. हिमालयातल्या खऱ्या देवदाराशी त्यातल्या बहुतेक खोक्यांचा काही संबंध नव्हता.

हे लाकूड इथे येते ते मोटारींच्या मागोमाग. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर कारखान्यांची रांग लागली. यंत्रे परदेशातून येत, ती लाकडी पेट्यांतूनच. पुढे मोटारींचे सुटे भाग संचाने आणून इथे जोडण्याची पद्धत आली. मर्सिडीज-बेंझच्या गाड्या 1995 पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात जोडल्या जाऊ लागल्या, आणि 2009 मध्ये कंपनीने चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखानाही चाकणला सुरू झाला. अशा कारखान्यांसाठीचा माल न्हावाशेवा बंदरात उतरतो आणि घाट चढून वर येतो. इंजिन बाहेर निघाले की पेटी रिकामी. ती जर्मनीला परत पाठवण्याचे भाडे पेटीच्या किमतीपेक्षा जड, म्हणून ती भंगारात जाते. चाकणची पेटी वाया जाते ती लाकूड स्वस्त असल्यामुळे नव्हे, परतीचा प्रवास महाग असल्यामुळे.

पेटीच्या फळीवर एक भाजलेला किंवा रंगाने उठवलेला शिक्का असतो. गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह, ‘आयपीपीसी’ ही अक्षरे, देशाची दोन अक्षरे, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेचे लघुरूप. हल्ली ग्राहक हा शिक्का दिसेल अशीच फळी मागतात, शोभा म्हणून. शिक्क्याचा उगम मात्र किड्यांत आहे. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाडे पोखरणारा आशियाई लांबशिंगी भुंगेरा सापडला. तो लाकडी पेट्यांतून आला असावा, असा निष्कर्ष निघाला. 1999 मध्ये पोर्तुगालमध्ये पाइनची झाडे वाळवणारा सूत्रकृमी आढळला. 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली, म्हणजे शिक्क्यावरच्या ‘आयपीपीसी’खाली, ‘आयएसपीएम 15’ हे मानक आले. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या घन लाकडाच्या प्रत्येक पेटीला ते लागू होते. साल काढलेली असली पाहिजे आणि लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला सलग 30 मिनिटे तापलेले असले पाहिजे. अशा लाकडावर ‘एचटी’ लिहितात. दुसरा मार्ग मिथिल ब्रोमाइड वायूच्या धुरीचा, त्यावर ‘एमबी’. हा वायू विषारी आहे, शिवाय ओझोनचा थर विरळ करणारा. युरोपीय संघाने 2010 मध्ये त्याचा वापर थांबवला.

घरातल्या टेबलासाठी फळी निवडताना याच दोन अक्षरांकडे पाहायचे असते. ‘एचटी’ चालते. ‘एमबी’ची फळी घरात आणू नये, पाळणा, जेवणाचे टेबल किंवा भाजीचे वाफे यांसाठी तर नाहीच. शिक्काच नसेल तर ती पेटी बहुधा देशातल्या देशात फिरलेली असते, तिच्यावर काय सांडले होते ते फक्त डागांवरून आणि वासावरून ताडता येते. तेलाचा डाग रंध्याने जात नाही, तो आत मुरलेला असतो. निळ्या रंगाचे पॅलेट दिसले तर ते बाजूला ठेवावे. ते ‘चेप’ कंपनीचे, भाड्याने फिरणारे असते. कंपनी ते कधीच विकत नाही, त्यामुळे भंगारात आले तरी मालकी तिचीच राहते.

या कामातली खरी कारागिरी जोडण्यात नाही, मोडण्यात आहे. सागवानाचा सुतार आपले कौशल्य सांध्यात ओततो. पॅलेटच्या कामगाराचा दिवस खिळे काढण्यात जातो. पॅलेटचे खिळे गुळगुळीत नसतात. फोर्कलिफ्टचा धक्का, ट्रकची थरथर आणि समुद्रावरची दमट हवा सोसूनही फळी सुटू नये म्हणून त्यांच्या अंगावर कडी किंवा पीळ पाडलेला असतो. कटावणी घालून फळी उपटली की खिळा ठोकळ्यात राहतो आणि फळी टोकाला चिरते. अनुभवी माणूस ती उपटत नाही. तो फळी आणि रनर यांच्यामधल्या फटीत लांब पात्याची विजेची करवत घालून खिळाच कापतो. फळी अखंड सुटते आणि खिळ्याचे मुंडके तिच्यात तसेच राहते. पुढे हेच मुंडके रंधा मशीनच्या पात्याला खाच पाडते, म्हणून रंधा फिरवण्याआधी ते मागून ठोकून बाहेर काढावे लागते. एका पॅलेटला किती खिळे असतात याचा अंदाज युरोपीय प्रमाण पॅलेटवरून येईल. त्यात 11 फळ्या, 9 ठोकळे आणि 78 खिळे असतात. टाकाऊ लाकडाचे म्हणून हे फर्निचर फुकटात पडायला हवे, असे ग्राहकाला वाटते. त्याने ते 78 खिळे एकदा मोजावेत.

या प्रमाण पॅलेटचे माप युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी 1961 मध्ये ठरवले: लांबी 1200, रुंदी 800 आणि उंची 144 मिलिमीटर. बसायच्या उंचीशी त्याचे नाते योगायोगाचे, पण उपयोगी आहे. एकावर एक दोन पॅलेट ठेवले की उंची 288 मिलिमीटर, म्हणजे सव्वाअकरा इंच होते. वर सहा इंचांची गादी टाकली की बैठक सव्वासतरा इंचांवर येते आणि खुर्चीची उंची साधारण तेवढीच असते. म्हणूनच छायाचित्रांत दिसणारा पॅलेटचा सोफा बहुतेक वेळा दोन थरांचा असतो. पलंगाला मात्र हे गणित जमत नाही. चार पॅलेट जुळवले तर 2400 बाय 1600 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आठ फूट बाय सव्वापाच फूट. दहा बाय दहाच्या खोलीत हा पलंग आला की कपाटाचे दार उघडत नाही. पॅलेट अखंड वापरण्याची हौस चिंचवडच्या फ्लॅटमध्ये इथे थांबते आणि पॅलेट मोडून फळ्या मापाने लावणे भाग पडते.

फळ्यांची जाडीही मालवाहतुकीनेच ठरवलेली. प्रमाण पॅलेटची फळी 22 मिलिमीटर जाड आणि 100 किंवा 145 मिलिमीटर रुंद असते. रंधा मारल्यावर हातात 18 ते 19 मिलिमीटर उरतात. एवढ्याशा रुंदीतून टेबलाचा अखंड पाट निघत नाही, फळ्या शेजारी शेजारी लावाव्या लागतात आणि म्हणून या फर्निचरवर पट्ट्यापट्ट्यांचा चेहरा येतो. त्याला शैली म्हणतात, पण ती एखाद्या आरेखकाने कागदावर काढलेली नसून रेल्वेच्या मापपट्टीतून उतरलेली आहे.

लाकूड म्हणून पाहिले तर ते मऊ आहे. सागवानाच्या घनमीटरचे वजन साधारण 650 किलो भरते, युरोपीय स्प्रूसचे 400 ते 450. नखाने ओरखडा उठतो, पेचकस जरा जोरात फिरवला तर स्क्रूचे डोके आत बुडते. कडेला स्क्रू घालण्याआधी बारीक भोक पाडले नाही, तर फळी उभी चिरते. गाठींतून राळ पाझरते आणि पॉलिश तिथे पिवळे पडते. त्यावर आधी चपड्याचा हात द्यावा लागतो. पुण्याच्या बाजूला एप्रिल-मेची हवा कोरडी आणि जुलैची ओली, त्यामुळे फळी रुंदीत आक्रसते आणि फुगते. घट्ट चिकटवलेला पाट अशा वेळी कमानीसारखा उठतो. म्हणून समजूतदार सुतार फळ्यांमध्ये नाण्याच्या जाडीची फट सोडतो. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘एचटी’चा शिक्का म्हणजे वाळवीपासून अभय नव्हे. उष्णतेने त्या दिवशीचे किडे मेले, एवढेच. लाकडात कसलेही औषध उरलेले नसते. तळमजल्याच्या ओल्या भिंतीला टेकवलेल्या फडताळाला वाळवी लागायला वेळ लागत नाही.

पेटीच्या लाकडाला बैठकीच्या खोलीत मान मिळण्याची गोष्ट मात्र चाकणपेक्षा बरीच जुनी आहे. 1934 मध्ये, मंदीच्या काळात, डच आरेखक गेरिट रिटफेल्ड याने पेट्यांच्या फळ्यांची खुर्ची केली. ग्राहकाने सुट्या फळ्या घरी न्यायच्या आणि स्वतः जोडायच्या, असा बेत होता. 1974 मध्ये इटलीच्या एन्झो मारी याने साध्या पाइनच्या फळ्या आणि खिळे एवढ्यावर होणाऱ्या फर्निचरचे आराखडे लोकांसाठी खुले केले. दोघांचाही रोख स्वस्ताईकडे आणि स्वतः करून पाहण्याकडे होता. आपल्याकडे हा विचार आधी अंगवळणी पडलेला होता, फक्त त्याला कोणी आरेखन म्हणत नव्हते. चाळीच्या खोलीत भिंतीला ठोकलेले देवदारी खोके पुस्तकांचे कपाट होई, तेच उलटे घातले की बसायचे आसन. फरक असा की, त्या खोक्यावर पडदा टाकून ते झाकले जाई. आजच्या कॅफेत तेच लाकूड, खिळ्यांच्या भोकांसकट, उजेडात ठेवतात.

फळ्यांचा मोठा बाजार अनेक वर्षे चिखलीजवळच्या कुदळवाडीत भरला. पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिक, पुठ्ठा, लोखंड, रसायनांची पिंपे आणि लाकूड यांचे ढीग शेजारी शेजारी असत. त्यामुळे आगीही वारंवार लागत. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने अतिक्रमणविरोधी कारवाईत तिथली हजारो बांधकामे पाडली. चांगली फळी निवडून फर्निचरवाल्याला देणे हा त्या बाजारातल्या लाकूडवाल्यांच्या धंद्याचा लहानसा भाग. उरलेले फुटके, चिरलेले लाकूड बेकऱ्यांच्या आणि विटांच्या भट्ट्यांत जळते. एका पलंगामागे भट्टीत किती जाते, याचा हिशेब ‘पर्यावरणपूरक’ असे लेबल लावताना सहसा कोणी मांडत नाही.

कारखान्यांतून येणाऱ्या पेट्यांचा प्रकारही बदलतो आहे. पुन्हा पुन्हा वापरता येणारे लोखंडी रॅक, प्लास्टिकचे घडीचे डबे आणि प्लायवूडच्या पेट्या वाढल्या आहेत. प्लायवूड गोंद आणि उष्णतेने तयार होत असल्याने त्याला ‘आयएसपीएम 15’चा शिक्का लागत नाही, पण त्यातून फर्निचरची फळीही निघत नाही. दुसरीकडे न्यूझीलंडचे पाइन गुजरातेत कांडला बंदरात उतरते, गांधीधामला चिरले जाते आणि नव्या कोऱ्या फळ्या म्हणून वखारीत मिळते. या नव्या फळीलाही पॅलेटचे रूप देता येते. दोन्हींतला फरक ओळखायचा तर भोक पाहावे. जुन्या फळीतल्या खिळ्याच्या भोकाभोवती गंजाचे काळपट कडे असते आणि ते फळीच्या आरपार गेलेले असते. रंगाने किंवा डाग देऊन काढलेले कडे वरच राहते, पॉलिश पेपरच्या दोन हातांत पुसले जाते.